लुंडमधला मुक्काम आणि मागाहून येणाऱ्यांसाठी काही सूचना

स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या पहिल्या तासाला मी दहाला पाच मिनिटे कमी असताना पोहोचलो, तेव्हा वर्गात दिवेसुद्धा लागलेले नव्हते. वेळापत्रकात ‘१०’ असा आकडा होता. प्राध्यापक सव्वादहाला आले आणि उशीर झाल्याची खूण कोणाच्याच चेहऱ्यावर दिसली नाही, कारण या गावात ‘१०’ म्हणजे सव्वादहा आणि ‘१०.००’ म्हणजे ठोक्याला दहा असा जुना संकेत आहे. मनगटी घड्याळे नव्हती त्या काळात चर्चची घंटा ऐकून विद्यार्थी घरून निघत आणि त्यांना पोहोचायला पाव तास मिळे, अशी त्याची हकिकत सांगतात. पुढच्या दोन वर्षांत मला ज्या अडचणी आल्या, त्यांतल्या बहुतेक अशाच, म्हणजे वेळ आधी ठरवण्याच्या तिथल्या रीती ठाऊक नसल्याने आल्या.

जलसंपत्ती अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी गेलो होतो. लुंड स्वीडनमध्ये असले तरी सोयीचा विमानतळ डेन्मार्कमधला, कोपनहेगनचा आहे. तिथूनच ओरेसुंड पुलावरून येणारी गाडी माल्मोमार्गे साधारण पाऊण तासात लुंडला आणून सोडते. देशाची हद्द ओलांडली जात असल्याने पासपोर्ट आणि रहिवासी परवान्याचे कार्ड हाताशी ठेवावे, सामानाच्या तळाशी नव्हे. सामानावरून आठवले: युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, त्यामुळे साजूक तूप आणि पेढे घरीच ठेवावेत, ताजा कढीपत्ता आणि आंबेही प्रमाणपत्राविना चालत नाहीत. गोडा मसाला मात्र निर्धास्तपणे न्यावा.

पोहोचल्यावरचे पहिले मोठे काम म्हणजे ‘पर्सोननुम्मर’ हा व्यक्तिक्रमांक मिळवणे. तो कर खात्याकडून मिळतो आणि किमान एक वर्ष राहणाऱ्यालाच मिळतो, म्हणून परवाना हाती येताच त्यावरची मुदत वर्षाहून कमी नाही ना, हे पाहावे. या क्रमांकावाचून ओळखपत्र नाही, ओळखपत्रावाचून बँकेत खाते उघडताना अडते, खात्यावाचून ‘बँक-आयडी’ ही मोबाइलवरची ओळख नाही आणि बँक-आयडीवाचून ‘स्विश’ हे पैसे पाठवण्याचे ॲप नाही, ज्याच्यावर जुन्या सायकलीपासून मित्राने आणलेल्या कॉफीपर्यंत सगळे पैसे फिरतात. रोख रक्कम अनेक दुकाने घेतच नाहीत. एका बँकेने मला कागद अपुरे म्हणून दोनदा परत पाठवले. क्रमांक यायला काही आठवडे लागतात हे गृहीत धरून तेवढ्या दिवसांपुरते परदेशात चालणारे भारतीय कार्ड, शक्यतो दोन निरनिराळ्या बँकांची, जवळ असावे.

राहण्याच्या जागेसाठी अर्ज खुले होतात त्याच दिवशी अर्ज करावा. ऑगस्टमध्ये लुंडला जाऊन खोली शोधू, असा बेत करू नये आणि खोली न पाहता अनोळखी माणसाला अनामत तर मुळीच पाठवू नये. मला वसतिगृहात स्वतंत्र खोली आणि सामाईक स्वयंपाकघर मिळाले. तिथला खरा धडा मात्र तळघरातल्या ‘ट्वेटस्टुगा’त, म्हणजे कपडे धुण्याच्या सामाईक खोलीत शिकलो. दाराशी महिन्याच्या तारखांचा आणि तासांच्या घरांचा फलक असतो. प्रत्येकाने आपल्या नंबराचे छोटे कुलूप हव्या त्या घरात अडकवायचे आणि तेवढे तास यंत्रे आपली. एका रविवारी मी चाळीस मिनिटे उशिरा बादली घेऊन उतरलो, तर यंत्र दुसऱ्याच्या कपड्यांनी गरगरत होते. नियमच असा होता की अर्ध्या तासात सुरुवात केली नाही, तर पाळी गेली. भांडायला कोणी नव्हते, आणि असते तरी बरोबर तेच होते. वाळवणाऱ्या यंत्राच्या जाळीतला कापसाचा पुंजका काढल्याशिवाय खोली सोडू नये. शेजारी तोंडावर बोलत नाहीत, पण दुसऱ्या दिवशी भिंतीवर चिठ्ठी दिसते.

अभ्यासाचे वर्ष चार सत्रांत विभागलेले असते. प्रत्येक सत्र सुमारे सात आठवड्यांचे, त्यामुळे पहिले तीन आठवडे गाव बघण्यात घालवले तर परीक्षा डोक्यावर येते. बैठका तारखेने ठरत नाहीत, वर्षातल्या आठवड्याच्या क्रमांकाने ठरतात. ‘अडतिसाव्या आठवड्यात भेटू’ असे कोणी म्हटले की गोंधळून जाऊ नये, दिनदर्शिकेत तो आकडा छापलेला असतो. माझ्या लेखी परीक्षा पाच-पाच तासांच्या होत्या. त्यांना आधी नाव नोंदवावे लागे, आणि सोबत डबा नेऊन लिहिता लिहिता खाता येई, ज्याची सवय व्हायला मला वर्ष लागले. प्राध्यापकांना नुसत्या नावाने हाक मारायची असते. ‘सर’ म्हटले की तेच अवघडतात.

हिवाळ्याची भीती बर्फासाठी बाळगू नये. दक्षिणेकडच्या या भागात बर्फ थोडाच टिकतो; छळतो तो वारा आणि आडवा पाऊस, म्हणून जाड स्वेटरपेक्षा वारा अडवणारे जॅकेट कामाचे, आणि छत्री निरुपयोगी. डिसेंबरमध्ये दिवस जेमतेम सात तासांचा होतो. जुन्या कॅथेड्रलमधल्या मध्ययुगीन खगोलीय घड्याळातून दुपारी तीनला येशूच्या जन्मकथेतल्या तीन राजांच्या छोट्या बाहुल्या निघून त्याच्या आईपुढून, मेरीपुढून, जातात, आणि ते पाहून बाहेर यावे तर अर्ध्या तासात सूर्य मावळतो. सायकलीला पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा अंधारात सक्तीचा आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतात. भारताशी असलेले अंतर साडेतीन तासांवरून साडेचार होते, हे आईला मी आधी सांगितले नव्हते आणि ती तासभर फोनपाशी बसून राहिली.

स्वयंपाकाच्या बाबतीत एकच गोष्ट अनुभवाने सांगतो: ॲल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनच्या शेगडीवर तापत नाही, तेव्हा त्यावर चालणारा स्टीलचा घ्यावा आणि जादा रिंग बरोबर न्यावी. डाळी, कोथिंबीर आणि मिरच्या माल्मोच्या मोलेवांगस्टोरिएट चौकात आणि आसपासच्या दुकानांत मिळतात. ‘नेशन’ नावाच्या जुन्या विद्यार्थिसंघांत स्वस्त जेवण मिळते आणि त्यांच्या स्वयंपाकघरात स्वयंसेवक म्हणून हातभार लावता येतो; माझ्या ओळखी वर्गापेक्षा तिथे कांदे चिरतानाच अधिक झाल्या.

सायकल ऑगस्टमध्ये घेऊ नये, तेव्हा सगळेच शोधत असतात. जूनमध्ये जाणारे विद्यार्थी त्या स्वस्तात विकतात, म्हणून कोणी ओळखीचे असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवावे. माझी सायकल मी नागपूरहून येणाऱ्या एका मुलीसाठी वसतिगृहाच्या तळघरात कुलूप लावून ठेवून आलो आहे. मागच्या चाकात हवा मात्र तिलाच भरावी लागेल.