इम्प्लांटच्या दाढेतला मधला पार्ट : माझा अनुभव

मी भोसरीत टूलरूममध्ये सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) आहे, त्यामुळे खालची दाढ काढून इम्प्लांट करायचं ठरलं तेव्हा घरच्यांना काळजी दुखेल का याची आणि मला पडलेलं की हा पार्ट बनवतं कोण आणि कुठल्या मशीनवर. आधी एका क्लिनिकमध्ये विचारलं तर "ते सगळं रेडिमेड येतं हो, टेन्शन घेऊ नका" म्हणून वाटेला लावलं. मग दुसऱ्या मॅडमकडे गेलो, त्यांनी कागदावर चित्र काढून नीट सांगितलं.

तर यात हाडात जातो तो टायटॅनियमचा स्क्रू म्हणजे इम्प्लांट, वर दिसते ती दाढ म्हणजे क्राऊन, लोक कॅप म्हणतात ती, आणि दोघांना जोडतो तो अबटमेंट, तो इम्प्लांटच्या आत वेगळ्या बारीक स्क्रूने कसतात. लोक इम्प्लांट कुठल्या कंपनीचा आणि कॅप कशाची एवढंच विचारतात, मधल्याचं नाव कोणी काढत नाही, आणि खरी गोम तिथंच आहे. माझा इम्प्लांट गोल, साधारण साडेचार मिलिमीटरचा, आणि वरची दाढ दहा-अकरा मिलिमीटर रुंद, तीही चौकोनीकडे झुकणारी, म्हणजे हिरडीच्या आतल्या दोन-तीन मिलिमीटरमध्येच गोलाचा चौकोन व्हायला पाहिजे. तयार अबटमेंट बहुतेक गोलच येतो, त्यावर मोठी कॅप चढवली की खाली खाच राहते आणि खाल्लेलं तिथंच जाऊन बसतं. त्यात माझं हाड असं की इम्प्लांट जिभेकडे जरा कललेला. मॅडम म्हणाल्या कस्टम, म्हणजे खास तुमच्या मापाचा करू, पैसे जास्त लागतील, म्हटलं लागू देत.

इम्प्लांट बसल्यावर तीनेक महिने नुसतं थांबायचं. टायटॅनियमला हाड धरून बसतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्कना सशांच्या हाडावर काम करताना दिसलं होतं आणि १९६५ ला त्यांनी पहिल्या पेशंटला बसवले, तेव्हापासून ही थांबायची भानगड. असो.

मग स्कॅनिंग. इम्प्लांटवर तोवर बसवलेली तात्पुरती टोपी, म्हणजे हीलिंग कॅप काढली आणि तिथं स्कॅन बॉडी म्हणून एक छोटा खुंटा स्क्रूने बसवला, त्याला एका बाजूला सपाट फेस. मी लगेच ओळखलं, हा डेटम, म्हणजे सगळी मापं जिथून धरायची ती जागा! त्या फेसवरून सॉफ्टवेअरला कळतं इम्प्लांट किती खोल, कुठल्या कोनात आणि आतला हेक्स, म्हणजे षटकोनी खाच, कुठल्या दिशेला. पेनासारखा कॅमेरा दातांवरून फिरवला, वर, खाली, मग दात मिटून बाजूने, आणि स्क्रीनवर माझा जबडा तयार. हीलिंग कॅप काढली की हिरडी हळूहळू मिटायला लागते म्हणून तिचा आकार आधी पटकन घेतला.

लॅब जवळच होती, ओळखीने आत जाऊन बघायला मिळालं. डिझाइन करणारा दादा म्हणाला सॉफ्टवेअरमधल्या इम्प्लांटच्या यादीत, म्हणजे लायब्ररीत, कंपनी आणि साईज चुकली की पुढचं सगळं वाया. त्याने आधी पूर्ण दाढ उभी केली, समोरच्या दाताशी चावा बघितला, मग तिच्या आतून अबटमेंट काढला, कडा हिरडीच्या अर्धा-एक मिलिमीटर आत. मी विचारलं अबटमेंटचा खालचा, त्या खाचेत बसणारा हेक्स पण इथंच कापता का, तर नाही, तो कंपनीतूनच मशीन होऊन येतो, लॅबमध्ये फक्त वरचा भाग पाच ॲक्सिसच्या मशीनवर कापतात. बरोबरच आहे, तो फिट मायक्रॉनमध्ये लागतो, तिथं ढिलाई राहिली की अबटमेंटचा स्क्रू लूज होणारच.

क्राऊन झिरकोनियाचा, म्हणजे एक पांढरं कडक सिरॅमिक. तो खडूसारखा मऊ असताना कापतात आणि मग भट्टीत साधारण १५०० डिग्रीला भाजतात, त्यात तो २० ते २५ टक्के आकसतो, म्हणून आधीच मोठा कापायचा, फाउंड्रीत पॅटर्न मोठं करतात तसंच. फक्त इथं ज्या गोल चकतीतून क्राऊन कापतात त्या प्रत्येक डिस्कवर ती किती आकसेल त्याचा आकडा छापलेला असतो आणि तो सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा. नंतर क्राऊन अबटमेंटवर लॅबमध्येच चिकटवला. मला हे फार आवडलं, कारण तोंडात चिकटवलं तर जास्तीचं सिमेंट हिरडीत राहून नंतर तिथं सूज येऊ शकते.

बसवताना हिरडी दाबून पांढरी पडली, चांगलाच ताण जाणवला, पाच-दहा मिनिटांत उतरला. एक्स-रे काढून खाली गॅप नाही ना बघितलं, निळा कागद चावायला देऊन एक उंच ठिकाण घासलं, आणि मग टॉर्क रेंच, आम्ही कामावर वापरतो तसा ठरलेल्या जोरानेच स्क्रू कसायचा पाना! ३० न्यूटन सेंटीमीटर. मला तोंड उघडं ठेवून हसू आवरेना. क्राऊनमधल्या स्क्रूच्या भोकात टेफ्लॉन टेप कोंबून वर दाताच्या रंगाचं फिलिंग, म्हणजे उद्या स्क्रू लूज झालाच तर भोक उघडून परत कसता येतो, दाढ तोडावी लागत नाही.

कोणी करणार असेल तर इम्प्लांटच्या डबीवरचं स्टिकर मागून घ्या, त्यावर कंपनी, साईज, लॉट नंबर असतो. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात दुसरा डॉक्टर असेल तर त्याला योग्य ड्रायव्हर आणि पार्ट त्यावरूनच मागवता येतो. आणि डिझाइनची फाईल पण मागा, मी पेनड्राइव्ह घेऊनच गेलो होतो.