हळदीचे पेपर आणि झोटेरोतली लाल फुली

आमच्या कॉलेजात रिसर्च सेंटर आहे, त्यामुळं पीएचडी कोर्सवर्कमधले दोनेक तास दरवर्षी लायब्ररीच्या म्हणजे माझ्या वाट्याला येतात. शोधगंगा ही पीएचडी प्रबंधांची साईट कशी बघायची, कीवर्ड कसे टाकायचे, रेफरन्स कसे ठेवायचे, असलं. पोरं बहुतेक सीएचबीवर, म्हणजे तासावारी पैशावर, शिकवणारी, सकाळपासून लेक्चरं घेऊन दमलेली, आणि खरं सांगायचं तर त्यांना एकच पाहिजे असतं, सिमिलॅरिटी, म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर, दहा टक्क्यांच्या आत कशी आणायची. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात दहापर्यंत दंड नाही हे सगळ्यांना पाठ, बाकी काही नाही.

यंदा त्यात एक मॅडम होत्या, तासगावकडच्या. विषय राजापुरी हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे हळदीला पिवळं करणारं द्रव्य, आणि कॅन्सरच्या पेशी. सांगलीत हळदीवर पीएचडी म्हणजे काय नवल नाही, २०१८ ला तर जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालं सांगलीच्या हळदीला. सिनॉप्सिस, म्हणजे पीएचडीचा आराखडा, झालेला, रेफरन्स वर्डमध्ये हातानं टाईप केलेले, त्यामुळं बाई निवांत. म्हटलं, "मॅडम, डेमोला तुमचीच लिस्ट घेऊ का?"

"घ्या की सर."

झोटेरो म्हणजे रेफरन्स ठेवायचं सॉफ्टवेअर. त्यात जादूच्या कांडीचं बटण असतं, तिथं पेपरचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा नंबर, टाकला की लेखक, जर्नल, साल सगळं आपोआप भरतं. टाकत गेलो. जरा वेळानं एका नोंदीपुढं लाल फुली, वर लाल पट्टी, पेपर रिट्रॅक्ट झालाय, म्हणजे मागं घेतलाय म्हणून. मग अजून एक. मग लागोपाठ दोन. मागची पोरं पण उठून पुढं आली.

"असं कसं सर, माझ्याकडं पीडीएफ आहे की," म्हणून त्यांनी पिशवीतनं स्पायरल काढलं. हायलाइटरनं पिवळंधमक, मार्जिनला पेन्सिलीनं नोट्स, म्हणजे वाचलंय हो मनापासून. पण पीडीएफ कुठनं आणली, तर कुणीतरी कुठल्यातरी साईटवर टाकलेली. प्रकाशक पेपर मागं घेतो तेव्हा शिक्का त्याच्या स्वतःच्या साईटवरच्या कॉपीवर मारतो, पबमेड ह्या वैद्यकीय पेपरांच्या सूचीवर पण सूचना दिसते, पण आधीच इकडंतिकडं पसरलेल्या कॉप्यांना कोण शिक्का मारणार? त्या तशाच कोऱ्या फिरत राहतात आणि लोक सायटेशन देत राहतात. झोटेरोला कळतं कारण ते मागं घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या डेटाबेसशी ताडून बघतं, २०२३ पासून डीओआय देणाऱ्या क्रॉसरेफ संस्थेनं तो सगळ्यांना फुकट खुला केलाय.

आणि कर्क्युमिनमध्ये हे जरा जास्तच झालंय. टेक्सासच्या एका नावाजलेल्या संशोधकाच्या पेपरांतल्या वेस्टर्न ब्लॉटच्या, म्हणजे प्रथिनं ओळखायच्या टेस्टच्या, चित्रांवर शंका निघाल्या, २०१६ साली तर एकाच जर्नलनं त्यांचे सात पेपर एका दमात मागं घेतले. मॅडमच्या लाल फुल्या बऱ्याचशा तिथल्याच.

मला मात्र दुसरी गोष्ट जास्त खटकली. त्यांनी सर्च काय टाकला होता, तर "कर्क्युमिन" अँड "अँटीकॅन्सर". आता अँटीकॅन्सर म्हणूनच शोधलं तर जे पाहिजे तेच गावणार ना! म्हटलं, तो शब्द काढा, "बायोअव्हेलेबिलिटी" टाका, म्हणजे घेतलेलं अंगात किती पोचतं ते, "ॲसे इंटरफेरन्स" टाका, म्हणजे टेस्टमध्येच होणारी गडबड. लगेच जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्रीतला २०१७ चा रिव्ह्यू, म्हणजे आढावा लेख, वर आला. त्यात सरळ म्हटलंय की १२० च्या वर क्लिनिकल ट्रायल होऊनसुद्धा डबल-ब्लाइंड, प्लासिबो ठेवून केलेली (म्हणजे काहींना खोटं औषध, आणि कुणाला काय दिलं ते रुग्णाला-डॉक्टरला ठाऊक नाही) एकही यशस्वी ठरली नाही, आणि हे कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या टेस्टमध्येच अशी लुडबूड करतं की नसलेला परिणाम दिसतो. ह्याच टेस्टवर मॅडमचा सगळा प्लॅन.

बाईंचा चेहरा उतरला, पण रडल्या वगैरे नाहीत. तिथंच गाइडना फोन लावला. पलीकडनं आवाज मोठा, आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं, "अहो, ते पेपर तर माझ्या पण रिव्ह्यूत आहेत!"

सिनॉप्सिस बदलला. आता त्या आधी टेस्टच तपासणार, कर्क्युमिन नुसतं रंगानं आणि चमकेनं किती फसवतं ते, आणि मग पेशींकडं वळणार. गाइड पण येऊन गेले लायब्ररीत, स्वतःची लिस्ट पेनड्राइव्हवर घेऊन, संध्याकाळी, पोरं गेल्यावर.