डॅशबोर्डवरील रिकामी चौकट: माझा अनुभव

रत्नागिरीतील एका मासळी निर्यात कंपनीत खरेदीचे अहवाल तयार करणे हे माझे काम आहे. मिरकरवाडा, हर्णै, देवगड आणि मालवण येथील रोजची खरेदी आम्ही पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या अहवाल-प्रणालीच्या डॅशबोर्डवर पाहतो. तो उभारताना विशेष अडचण आली नाही. अडले ते रिकाम्या चौकटीपाशी.

मापाला, म्हणजे बेरीज किंवा सरासरीसारख्या हिशेबाला, मूल्य नसेल तर कार्डावर, म्हणजे आकडा दाखवणाऱ्या चौकटीत, ‘ब्लँक’ एवढेच उमटते. वाऱ्यामुळे होड्या किनाऱ्यालाच राहिल्या, केंद्रावरून नोंद आली नाही, पाहणाऱ्याने भलताच महिना निवडला किंवा त्याला त्या केंद्राची माहिती पाहण्याचा अधिकारच नाही, या चारही परिस्थितींत पडदा सारखाच दिसतो. रिकाम्या मूल्याऐवजी ठरवलेले मूल्य देणाऱ्या कोअ‍ॅलेस फंक्शनने तेथे शून्य दाखवावे, असे अनेकांनी सुचवले. मला ते पटले नाही, कारण न आलेली नोंद शून्य धरली की सरासरी विनाकारण खाली येते.

शून्य खरे असेल तर ते केंद्रावरूनच आले पाहिजे, म्हणून खरेदी नसेल त्या दिवशी निरंक नोंद पाठवावी, असे मी सुचवले. केंद्रांवरील कारकून लगेच तयार झाले. परंतु मुख्य कार्यालयाचा फॉर्म वजनाच्या रकान्यात शून्य स्वीकारत नव्हता आणि ती अट काढण्यासाठी संगणक विभागाकडे अर्ज करणे भाग होते. त्या अर्जात ‘बदलामुळे होणारी बचत, रुपयांत’ असा रकाना होता. जी खरेदी झालीच नाही तिच्या नोंदीतून किती रुपये वाचणार, हे कोणी सांगावे? रकाना मोकळा ठेवला तेव्हा अर्ज अपूर्ण म्हणून परत आला; अंदाजे रक्कम लिहिली तेव्हा तिचा आधार मागण्यात आला. मोकळ्या रकान्यावरून काहीच कळत नाही, हे त्या विभागाला स्वतःच्या अर्जापुरते तरी चांगले कळत होते! अखेर मी वजनाची अट तशीच राहू दिली आणि ‘आज खरेदी नाही’ असा स्वतंत्र रकाना मागितला. अट बदलायची नसल्यामुळे तो अर्ज दुसऱ्या टेबलावर गेला आणि मंजूर झाला. ज्यांना असे काम करून घ्यायचे असेल त्यांनी जुना नियम हलवण्याऐवजी नवा रकानाच मागावा.

आता चौकटीत ‘आज खरेदी नाही’ किंवा ‘नोंद आलेली नाही, शेवटची नोंद अमुक वेळेची’ असे स्पष्ट वाक्य येते. निवडीमुळे चौकट रिकामी असेल तर निवडलेले केंद्र आणि महिना संदेशातच दिसतात. मात्र संदेशांच्या मजकुराला हात लावण्यापूर्वी पाहणाऱ्याच्या भूमिकेतून डॅशबोर्ड उघडून अधिकार तपासावेत. ही तपासणी खरे तर सर्वांत आधी करायची असते.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. तेव्हा केंद्रांकडून रोज निरंक नोंद मागू नये; तारखांच्या तक्त्यातच बंदीचा रकाना ठेवावा आणि संदेश त्यावरून घ्यावा.