चाफा आमचा, फुलं अज्जींची

बेळगावला टिळकवाडीतल्या आमच्या घरामागे सोनचाफा लावायचा ठरला तेव्हा मी नर्सरीवाल्याला तीनदा विचारलं होतं, "कलमच ना?" तो म्हणाला, "कलमच की हो ताई. पुढच्या पावसाळ्यात फुलं बघा." मी बघत बसले. नऊ पावसाळे.

कलम ओळखायचं कसं, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं! मातीपासून वीतभर वर जोडाची गाठ असते, तिथे सालीचा रंग आणि खोडाची जाडी बदलते. आमचं रोप खालपासून वरपर्यंत छडीसारखं सरळ, गुळगुळीत. त्या सरळपणावरच मी भाळले होते. पण बियांचा चाफा आधी उंची गाठून घेतो, फुलांचं मग बघू म्हणतो. आठ-दहा वर्षं अशीच जातात. कलम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलतं आणि बेतानं वाढतं.

माती मात्र त्याला मानवली. इथली तांबडी माती पाणी धरून ठेवत नाही. जुलैत बेळगावला आठ-आठ दिवस झड लागते, दोरीवरचे कपडे कुबट होतात, भिंतींना ओल येते. अशा दिवसांत मुळाशी पाणी तुंबलं की चाफा मान टाकतो. माझ्या बहिणीनं बैलहोंगलच्या काळ्या मातीत दोनदा लावला, दोन्ही वेळा गेला.

पाचव्या वर्षी आमचे हे म्हणाले, "काढून टाकू गं, शेवगा लावू. निदान आमटीत तरी पडेल." मी दोन दिवस बोलले नाही. फूल नव्हतं, पण बघायला काय कमी होतं? नवं पान एका लवदार टोपणात गुंडाळून येतं. पान उलगडलं की टोपण गळतं आणि फांदीवर त्याचं वळं उरतं. कोवळ्या फांदीवरून बोट फिरवलं तर ही वळी एकामागून एक लागतात, चुडा भरल्यासारखी. एके वर्षी पानं कुरतडलेली दिसली, म्हणून फवारणीचा पंप काढणार, तोच काळ्या पंखांवर पोपटी ठिपके असलेलं फुलपाखरू पानामागे अंडं घालून गेलं. सीताफळाच्या पानांवर येतं तेच हे. पंप परत माळ्यावर गेला. सहाव्या वर्षी मला चाफा हवा होता की फुलपाखरं, हे ह्यांना अजून कळलेलं नाही.

मधेच जर्मनीतल्या भाचीनं फोटो पाठवला. एप्रिल महिना, झाडावर एक पान नाही आणि नुसती गुलाबी फुलं, ओंजळीएवढी. "आत्या, मॅग्नोलिया! तुझ्या बागेत लाव ना." मी लिहिलं, "लावलाय. फक्त फुलत नाही." तिला खरं वाटेना. पण सोनचाफा मॅग्नोलियाच आहे. फ्रेंच पाद्री आणि वनस्पतींचा अभ्यासक शार्ल प्लुमिए यानं १७०३ साली माँपेल्येच्या प्येर मान्योल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून मॅग्नोलिया हे नाव ठेवलं. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडनच्या लिनियसनं १७५३ मध्ये आपल्या चाफ्याला मात्र मिशेलिया या वेगळ्या घरात बसवलं, तेही फ्लॉरेन्सच्या मिकेली नावाच्या दुसऱ्या एका अभ्यासकाच्या नावानं. आता तो पुन्हा मॅग्नोलियात आलाय. नामांतराचं आम्हाला नवल नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात बेळगावचं बेळगावी झालं, बोर्डं बदलली. फुलवाल्या बाईच्या टोपलीत चाफा होता तसाच होता.

आणखी एक गंमत. देवळापुढचा पांढरा देवचाफा अमेरिकेतून आलेला. त्याचा सोनचाफ्याशी काही संबंध नाही, नुसतं आडनाव एक. पण त्याचं शास्त्रीय नाव प्लुमेरिया, म्हणजे त्याच प्लुमिएच्या नावावरून! एका चाफ्याच्या घराण्याला त्यानं नाव दिलं, दुसऱ्याला त्याचं मिळालं. बिचाऱ्याला आपल्या 'चाफा' या शब्दाची काय कल्पना!

नवव्या वर्षी, वळवाच्या एका सरीनंतर संध्याकाळी अंगणात वास आला. मी आधी शेजारी कुणी उदबत्ती लावली असेल म्हणाले. वास होता, फूल दिसेना. मान दुखेपर्यंत वर बघितलं. तेवढ्यात शेजारच्या दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून अज्जींची हाक आली, "अक्का! संपिगी बिट्टैती!" कानडीत संपिगी म्हणजे चाफा. फुललाय, आणि नेमका त्यांच्या कठड्याला टेकून.

तेव्हापासून असंच चाललंय. पाणी आमचं, शेणखत आमचं, पानं झाडायची तीही मीच. फुलं मात्र पंचवीस फुटांवर, अज्जींच्या हाताशी. शेंडा छाटून झाड बुटकं ठेवायची अक्कल मला उशिरा आली. आकडीनं ओढावं तर कळीसकट फांदी येते. सुरुवातीला मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

एकदा अज्जींनी दिलेलं फूल उकलून बघितलं. पाकळ्या पिवळ्या म्हणण्यापेक्षा पिकल्या आंब्याच्या रंगाच्या, जाड, मेणासारख्या. मधे हिरवट कणीस. मॅग्नोलियाचं कुळ मधमाश्यांच्याही आधीचं, भुंगेऱ्यांच्या भरवशावर फळणारं असं मानतात. भुंगेरे काही हलक्या पायाचे नव्हेत. पाकळ्या अशा दणकट का, ते हातात घेतल्यावर कळतं. दुसरं फूल मी आईसारखं काचेच्या बाटलीत सोडलं, उकळून गार केलेलं पाणी काठोकाठ भरून. तिच्या शोकेसमध्ये अशी बाटली कायम असायची.

हल्ली सकाळी सातला वरून दोरीला बांधलेली निळी प्लास्टिकची बादली खाली येते. तळाशी केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर चार फुलं. "निमग एरडू, देवरिगे एरडू," अज्जी वरून बजावतात. तुम्हाला दोन, देवाला दोन. त्यांच्या वाटणीची किती, ते मी विचारत नाही. बादलीत कढीपत्त्याची डहाळी टाकते आणि दोरी दोनदा हलवते.