काठीची सावली, फक्कीची रेघ आणि आमचा ओढा

अंबाजोगाईजवळच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत उन्हाळी शिबिर होतं. आठ दिवस, पाचवी ते आठवीची बावीस मुलं. मी भूगोल शिकवते, म्हणून नकाशावाचन माझ्याकडे आलं. सुरुवात दिशांपासून करायची आणि त्यासाठी सावली वापरायची, असं ठरवलं. मैदानात काठी रोवायची, भर दुपारी सावली उत्तरेकडे पडते ती दाखवायची, की बाकीच्या दिशा आपोआप येतात. एरवी हा प्रयोग मी कितीदा तरी केलेला.

तारीख होती १४ मे. बारा वाजता मीटरभर काठीची सावली जेमतेम चार बोटं उरली होती, तीही पश्चिमेकडे. मी मुलांना थांबायला सांगितलं. बारा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास एकजण ओरडला, "ताई, सावली संपायली की!" खरंच, काठीच्या बुडाशी काळा ठिपका तेवढा राहिला होता.

ही चूक माझीच. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला प्रत्येक गावावर सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो. अंबाजोगाई साधारण १८.७ उत्तर अक्षांशावर, म्हणजे आपल्याकडे हा दिवस मेच्या मध्यावर येतो आणि पुन्हा जुलैअखेर, तेव्हा बहुधा आभाळ भरलेलं असतं. या दोन दिवसांच्या मधे दुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते. पाठ केलेलं वाक्य मराठवाड्यात दोन-अडीच महिने उलटं होतं, आणि शिबिरं भरतात ती नेमकी तेव्हाच. घड्याळाचंही तसंच. आपली वेळ ८२.५ पूर्व रेखांशावरची, आपण त्याच्या सहा अंश पश्चिमेला, आणि अंशाला चार मिनिटं. त्यामुळे आपली खरी दुपार बाराला होत नाही.

दुसऱ्या दिवशी पद्धत बदलली. सकाळी नऊला सावलीच्या टोकावर खूण केली, काठीला दोरी बांधून तेवढ्याच त्रिज्येचं वर्तुळ काढलं. पावणेचारच्या सुमारास सावली वाढत वाढत पुन्हा वर्तुळाला टेकली, तिथं दुसरी खूण. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ मिळते. ती आम्ही फक्कीनं आखली, आडवी रेघ मारून उत्तर-दक्षिणही. त्या तापलेल्या मैदानात रेघेचं दुसरं टोक मिळेपर्यंत एकही पोर घरी गेलं नाही, याचं मला फार अप्रूप वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका मुलानं हरकत घेतली. रेघेचं पूर्वेचं टोक समोरच्या लिंबाकडे जातं, पण दिवस तर पाण्याच्या टाकीमागून उगवतो. मोजून पाहिलं. हात ताठ धरला की मूठ साधारण दहा अंशांची भरते. लिंब आणि टाकी यांत दोन मुठींचं अंतर निघालं. मे महिन्यात उगवती इतकी उत्तरेला सरकलेली असते. त्याच्या आजीला हे ठाऊक होतं: उन्हाळ्यात दिवस टाकीमागून निघतो, संक्रांतीला देवळामागून. मी आजींना शाळेत बोलावलं. त्या रेघेवर उभ्या राहून हातानं दाखवत गेल्या आणि मुलांच्या वह्यांत वर्षभराची उगवती उतरली.

मग नकाशा. सर्व्हे ऑफ इंडियाची आमच्या भागाची शीट पीडीएफमध्ये उतरवून फ्लेक्सवर मोठी छापून आणली होती. ती मी आधी भिंतीला लावली आणि विचारलं, उत्तर कुठं? निम्म्या मुलांनी छताकडे बोट केलं. तेव्हाच ती उतरवली आणि फक्कीच्या रेघेवर उत्तर जुळवून जमिनीवर अंथरली. त्यानंतर दिशांबद्दल मला फारसं बोलावं लागलं नाही. कुणी पालथं पडून, कुणी उकिडवं बसून आपली वाडी शोधत होतं, आणि सापडली की मान वर करून खरोखर तिकडेच बघत होतं. नकाशा भिंतीवर टांगून शिकवणं मी तेव्हापासून बंद केलं आहे.

प्रमाणाची अडचण मात्र फ्लेक्समुळे झाली. कोपऱ्यात १:५०,००० लिहिलेलं, म्हणजे दोन सेंटीमीटरला एक किलोमीटर. पण छापताना सगळंच मोठं झालेलं. लिहिलेला आकडा खोटा ठरला होता. खालची रेषाप्रमाणाची पट्टी नकाशाबरोबरच वाढलेली असते, ती खरी राहते. सुतळीनं रस्त्याची वळणं धरून ती पट्टीवर मोजली, तेव्हा फाट्यापर्यंतचं अंतर बरोबर आलं.

सगळ्यात जास्त वेळ ओढ्यानं घेतला. शीटवर पाणी असलेला प्रवाह निळा आणि कोरडा काळ्या रेषेनं दाखवतात. आमचा ओढा काळा होता. "वढ्याला पाणी असतंय की पावसाळ्यात," मुलं चिडून म्हणाली. गावाचा आपला नकाशा काढायला बसल्यावर वाद पुन्हा उफाळला. पाझर तलावापर्यंत निळा, खाली काळा, यावर बहुतेकांचं एकमत झालं. विहिरींवर होईना. सहावीतली एक मुलगी, जिचे आई-वडील ऊसतोडीहून नुकतेच परतले होते, बराच वेळ खडू हातात धरून गप्प बसली होती. तिच्या विहिरीला ना निळा पटत होता, ना काळा. शेवटी तिनं गोल काढला, अर्धाच निळा भरला, आणि सूचीत सगळ्यात खाली तसाच छोटा गोल काढून त्यापुढे लिहिलं: संक्रांतीपर्यंत पाणी.

संध्याकाळपर्यंत नकाशावर असे अकरा गोल झाले होते.