घूं आणि झर्र

पडदा वर जायला दोन तास उरले होते आणि स्पीकर एकसारखे घुमत होते. तिथल्या तंत्रज्ञाचा निकाल तयार होता: ‘मिक्सर गेलाय, दुसरा मागवा.’ (सगळे आवाज एकत्र करणारं यंत्र ते, म्हणून संशयाची सुई आधी मिक्सरकडेच वळते. बिचाऱ्याला बटणं जास्त!) मी मास्टर फेडर, म्हणजे मिक्सरमधून बाहेर जाणाऱ्या एकूण आवाजाची सरकपट्टी, पार खाली ओढला. आवाज तसाच. म्हणजे घोळ मिक्सरच्या पुढे, अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणाऱ्या वाटेवर.

नीट कान दिला, तर आवाज दोन निघाले. खाली जाडसर, संथ घूं; त्यावर बारीक झर्र. प्रकाशयोजनेवाल्याला दिवे हळूहळू वाढवायला सांगितले. दिवे निम्म्यावर आले की झर्र कानठळ्या बसवणारी, पूर्ण तेजावर जवळपास गायब. दिवे मंद-प्रखर करणारा डिमर विजेची लहर मधेच कापतो, आणि निम्म्यावर ती ऐन शिखरावर कापली जाते. म्हणून झटका तिथे सगळ्यात मोठा. शोधत गेलो तर आमची ऑडिओ केबल डिमरच्या केबलींना बिलगून थेट रंगमंचापर्यंत गेलेली! ती उचलून दुसऱ्या भिंतीने नेली; जिथे ओलांडणं भागच होतं, तिथे काटकोनात ओलांडली.

घूं मात्र हटेना. मिक्सर प्रेक्षागृहाच्या मागच्या सॉकेटवर, अ‍ॅम्प्लिफायर रंगमंचाजवळच्या बोर्डावर. दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक होता आणि तो केबलच्या शील्डमधून, म्हणजे आतल्या तारांभोवतीच्या धातूच्या वेष्टनातून, प्रवाह ढकलत होता. बॅलन्स्ड जोडणीने (तिच्यात सिग्नलला दोन तारा असतात, दोन्हींवर सारखाच आलेला गोंगाट वजा होतो) हे बरंचसं पचवलं असतं, पण अ‍ॅम्प्लिफायरपाशी कुणीतरी मोनो जॅकचा अडॅप्टर लावून ठेवलेला, त्यामुळे जोडणी बॅलन्स्ड राहिलीच नव्हती.

‘प्लगची अर्थ पिन काढून टाकू, दोन मिनिटांचं काम,’ एकजण म्हणाला. मी त्याला प्लगला हात लावू दिला नाही. उपकरणात बिघाड होऊन त्याच्या धातूच्या पेटीत वीज उतरली, तर ती पिनच माणसाला वाचवते. गुणगुण गेली आणि माईक धरलेला नट गेला, तर काय उपयोग?

माझ्या पेटीत एक ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर होता. त्यात दोन बाजूंमध्ये तारेचा संबंध नसतो, सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो. तो अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी लावला, त्याच्या दोन बाजूंची शील्ड एकमेकींपासून तोडली. घूं त्या क्षणी थांबली.

मग फेडर वर घेतले, तर पार्श्वसंगीताच्या लॅपटॉपवर आणखी एक किरकिर. ट्रान्सफॉर्मर एकच होता. लॅपटॉपचा चार्जर उपटला, किरकिर बंद. बॅटरी दुसऱ्या अंकापर्यंत तग धरेल ना, एवढं तेवढं ऑपरेटरकडून वदवून घेतलं.