बलगान: घर, तमाशा आणि पसारा

रशियाच्या सायबेरियातल्या याकुत्स्कला जायचं तर आधी महिना ठरवा. शहरापाशी लेना नदीवर पूल नाही. हिवाळ्यात गाड्या बर्फावरून जातात, उन्हाळ्यात फेरीबोटीने. बर्फ फुटतं तो मे आणि पाणी गोठतं ते ऑक्टोबर-नोव्हेंबर, हे दिवस टाळावेत. तेव्हा मोटारीला वाटच नसते. आम्ही पैलतीरावर सोत्तिंत्सीच्या खुल्या संग्रहालयात गेलो ते ‘बलाघन’ पाहायला, म्हणजे साखा (याकूत) लोकांचं हिवाळी घर.

चार कोपऱ्यांत जाड खांब पुरतात, वर तुळया टाकतात आणि बारीक ओंडके उभे, किंचित आत कलते टेकवतात. छपरावर झाडाची साल आणि माती. बाहेरून चिकणमाती आणि गाईच्या शेणाचा लेप. आपल्या कुडाच्या भिंतीसारखाच, फक्त इथे थंडी उणे चाळीसची. हा लेप दर शरद ऋतूत नव्याने द्यावा लागतो, कारण भेग राहिली की ओंडक्यांच्या फटींतून वारा आत शिरतो. हिवाळ्यात खिडकीला काचेऐवजी बर्फाची लादी बसवत. दार पूर्वेला, गोठा घराला लागूनच. साखा भाषेत सप्टेंबर म्हणजे ‘बलाघन यिया’, बलाघनाचा महिना: उन्हाळी वस्ती सोडून या घरात परतायचा काळ.

हाच शब्द रशियनमध्ये ‘बलगान’. आधी अर्थ तात्पुरती फळ्यांची शेड, मग जत्रेतला खेळाचा मांडव. सेंट पीटर्सबर्गला मास्लेनित्साच्या, म्हणजे हिवाळ्याला निरोप देणाऱ्या सणाच्या, जत्रेत असे मांडव लागत. तिथून तो ‘पोरखेळ’, ‘तमाशा’ झाला. ‘हा बलगान बंद करा’ असं कुणी दरडावलं तर मांडव आवरायला सांगितलेलं नसतं. पोलंडमध्ये शब्दातला मांडवाचा अर्थही गेला. ‘बवागन’ म्हणजे निव्वळ पसारा, पोरांच्या खोलीपासून सरकारी कारभारापर्यंत कुठलाही.

मूळ फारसी ‘बालाखाना’, म्हणजे माडीवरची खोली. तुर्की भाषांतून तो रशियनमध्ये आला. ‘बाला’ आपल्या बालेकिल्ल्यात आहे, ‘खाना’ दवाखान्यात. गंमत रशियाच्या पूर्व टोकाच्या कामचत्का द्वीपकल्पाची. तिथल्या इतेलमेन लोकांची उन्हाळी झोपडी उंच खांबांवर असे: तीन ओळींत नऊ खांब, वर गवताने शाकारलेलं टोकदार छप्पर, चढायला खाचा पाडलेला ओंडका, खाली मासे सुकत घातलेले. रशियनांनी तिलाही बलगानच म्हटलं. फारसी अर्थ कुणाच्या ध्यानीमनी नसताना घर मात्र खरोखर माडीवरचं निघालं.

सायबेरियातल्या अंगारा नदीकाठचं बालागान्स्क गाव मात्र या माळेत ओवू नका. नाव फसवं आहे. ते बहुधा ‘बुलागात’ या बुर्यात (सायबेरियातले मंगोल वंशाचे लोक) टोळीवरून आलं असं मानतात. शिवाय जुनं गाव ब्रात्स्कच्या जलाशयाखाली गेलं आणि आजचं नव्या जागी वसवलेलं आहे, त्यामुळे जुनं लाकूडकाम पाहायला तिथवर जाण्यात अर्थ नाही.